गुरुवारची शिकवणी

४ सप्टेंबर, बुधवार

वर्गात चौघे होते आणि चौघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जणू वेगळ्याच बसची वाट बघत होते आणि ही भलतीच येऊन थांबली.

नवऱ्याला आणि पिल्लूला, आमच्या लेकीला, घरी ठेवून मी इतक्या दूर ह्या संगीतशाळेत फ्रेंच कलागीतं शिकवायला आले आहे. एक कविता, एक पियानो आणि उभं राहून गाणारा एक माणूस, बस्स. निघताना सासूबाईंना समजावत होते तर म्हणाल्या, "म्हणजे भावगीतंच की गं." इतकी सुटसुटीत व्याख्या शिकताना मला कुणी दिली असती तर डोकेदुखीच्या कितीतरी गोळ्या वाचल्या असत्या.

खोली चांगली आहे. दुसरा मजला, दोन खिडक्या, गाताना आपला जबडा बघता यावा म्हणून भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा. मुलांची नावं अजून जिभेवर बसत नाहीत, म्हणून मनातल्या मनात टोपणनावं ठेवून टाकली. बुटकीशी, उंच पट्टीची ती चिमणी. धिप्पाड मुलगा बोलला की घागरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं, तो घागर. उरलेल्या दोघी एकमेकींना चिकटून असतात, त्या जोडगोळी. पियानोवर साठीचे एक गृहस्थ आहेत. तासाभरात दोनच शब्द बोलले, आणि दोन्ही वेळा तो 'बरं' होता. ते मौनीबाबा.

माझ्या आधी ज्या शिकवत होत्या त्या निवृत्त झाल्या, असं विभागप्रमुखांनी सांगितलं. त्यांना मुलं 'बाई' म्हणतात आणि मला 'मॅडम'. "बाई असं नव्हत्या सांगत," हे वाक्य आज इतक्यांदा कानावर आलं की शेवटी मी खिडकी उघडायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

८ सप्टेंबर, रविवार

वाटलं, आपणच कमीपणा घ्यावा. कचेरीतून नंबर घेतला होता, जुन्या बाईंना फोन केला. नाव सांगितलं, काम सांगितलं, मुलांबद्दल दोन शब्द विचारायचे आहेत म्हटलं. फोन उचलला होता, नक्की. श्वास ऐकू येत होता. पण तोंडातून एक अक्षर नाही. मी वेड्यासारखी "हॅलो, हॅलो" करत राहिले, मग तिकडून ठेवून दिला.

एवढा अहंकार! कानामागून आली आणि तिखट झाली, असं वाटत असेल त्यांना. मी पुन्हा फोन करणार नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

मुक्या 'ए'ने जीव खाल्ला आहे.

गाणं नदीकाठच्या खिडकीतल्या दिव्याचं आहे. दिव्याला शब्द आहे 'लाँप'. बोलताना शेवटचा 'ए' मुका, तो कुणी उच्चारत नाही. गाताना मात्र त्या मुक्याला स्वतःचा सूर मिळतो. तो हलकाच, श्वास सुटावा तसा यायला हवा. चिमणी त्याचा 'लाँपाऽऽ' करते आणि दिवा न विझता फुटतो. घागर तर तो गिळूनच टाकतो.

मी फळ्यावर लिहून दाखवलं. ओठांचा आकार दाखवला. तीन नामवंत गायिकांची ध्वनिमुद्रणं ऐकवली. मग घागर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच एकदा म्हणून दाखवा ना."

म्हटलं, इथली हवा फार कोरडी आहे, माझा घसा धरलाय.

धरला आहेच थोडा. आणि खरं सांगायचं तर ह्या मुलांचे आवाज असे की काचा थरथरतात. माझा आवाज गोड आहे असं सगळे म्हणत आले, आणि पुढे "पण लहान" हेही तितक्याच प्रेमाने म्हणत आले. वरचा तो सूर पिल्लूच्या जन्मानंतर मी कुणासमोर लावलेला नाही. शिक्षकाने शिकवावं, गायलाच पाहिजे असं थोडंच आहे? पोहण्याचे कितीतरी शिक्षक काठावरच उभे असतात.

मौनीबाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पट्ट्यांकडे.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

विभागप्रमुखांनी बोलावलं. त्या बोलताना सफरचंद खातात, त्यामुळे वाईट बातमीच्या आधी एक 'कर्रम' ऐकू येतो. आजचा कर्रम मोठा होता. फेब्रुवारीत बाहेरून परीक्षक येणार आहेत. मुलांचं गाणं ऐकून ते जो शेरा देतील त्यावर माझी नेमणूक कायम करायची की नाही ते ठरेल.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आधी तुझा खुंटा बळकट होऊ दे, मग मी राजीनामा देतो आणि पिल्लूला घेऊन येतो." बरोबरच आहे त्याचं. बरोबर बोलणं ऐकून कधी कधी इतकं एकटं का वाटतं, कोण जाणे. पिल्लूचा पुढचा दात पडलाय, 'आई'सुद्धा फुंकर मारल्यासारखं म्हणते.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

चिमणी रडली. मी ओरडले नव्हते, फक्त सातव्यांदा थांबवलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही काय नको ते सांगता. काय हवंय ते मला कळतच नाही."

मग मीच म्हटलं, गुरुवारी दुपारी जादा तास घेऊ. गुरुवार म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे गोरेमोरे. घागरला दाताच्या डॉक्टरकडे जायचंय. जोडगोळीची मावशी येणार. चिमणीला कपडे धुवायचेत. पुढचा गुरुवार? पुढच्याही गुरुवारी दात, मावशी आणि कपडे. मौनीबाबांकडे पाहिलं तर म्हणाले, "गुरुवारी माझे गुडघे दुखतात."

वारावर दुखणारे गुडघे पहिल्यांदाच ऐकले. मला टाळतायत सगळे. रात्री जेवण गेलं नाही.

४ नोव्हेंबर, सोमवार

झालं! चिमणीने 'लाँप' म्हटलं आणि तो मुका 'ए' असा आला, जसा कुणी दार न वाजवता लोटून घ्यावं. मी जागच्या जागी उभी राहिले. नंतर घागरनेही तसाच म्हटला. इतके आठवडे डोकं फोडलं त्याचं फळ! खडकातून पाणी निघायला वेळ लागतो, पण निघतं.

हल्ली गाण्याआधी चौघे आख्खी कविता नुसती कुजबुजून म्हणतात, आवाज न लावता. छान सवय आहे. मीच कधीतरी सांगितली असेल.

नवऱ्याला फोन करून अर्धा तास बोलले.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

घागर जोडगोळीला समजावत होता, "शब्द ओठांवर ठेवायचा, घशात ढकलायचा नाही. वाफेने काच धुरकट होते ना, तेवढाच श्वास."

मी विचारलं, "हे कुठून शिकलास?"

"तुम्हीच सांगितलंत, मॅडम."

जोडगोळी जमिनीकडे बघत होती. मला आठवत नाही सांगितल्याचं. पण शिकवताना माणूस किती बोलतो, सगळं कुठे लक्षात राहतं! वाक्य सुरेख आहे. लिहून ठेवलं.

विभागप्रमुख मागे बसून ऐकत होत्या. सफरचंद हातात तसंच राहिलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "कमाल आहे. पुढच्या बैठकीत इतर शिक्षकांना तुमची पद्धत सांगा."

माझी पद्धत! मला काही पद्धत आहे हे आजच कळलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

भाषण झालं. कुजबुज, ओठ, वाफ, काच. लोकांनी माना डोलावल्या, दोघांनी टिपणं घेतली. मौनीबाबा मागच्या रांगेत होते. बोलता बोलता त्यांच्याकडे नजर गेली, तर ते खिडकीबाहेर बघत होते. जळत असतील, दुसरं काय.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज जे पाहिलं ते आधी लिहून टाकते.

दुपारी बुटाची टाच बसवायला दिली होती. दुकानात अनवाणी बसून बाहेर बघतेय, तर समोरून माझे चौघे विद्यार्थी, आणि मागून मौनीबाबा, गुडघे अगदी ठणठणीत. घागरच्या दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या, चिमणीकडे औषधाच्या दुकानाची पुडी. पलीकडच्या इमारतीत शिरले. मी बूट तसाच पायात कोंबला आणि मागे गेले. जिन्यात उभी राहिले. तिसऱ्या मजल्यावरून पियानो सुरू झाला. माझं गाणं. माझा दिवा!

चिमणी गायली, थांबली. थोडा वेळ शांतता. मग तीच ओळ पुन्हा, आणि आधीपेक्षा चांगली. पुन्हा शांतता, पुन्हा ओळ. शिकवणारीचा आवाज मात्र एकदाही आला नाही. हाताने खुणा करत असेल महाराणी! दारावरची पाटी वाचायची गरजच नव्हती, तरी वाचली. जुन्या बाईच.

म्हणजे मुका 'ए' त्यांचा. वाफ त्यांची, काच त्यांची. आणि मी शिक्षकांसमोर उभी राहून त्यांची वाक्यं माझी म्हणून वाटत होते. हे चौघे आणि ते मौनीबाबा मनात काय म्हणत असतील? हसले असतील. पोट धरून हसले असतील.

१३ डिसेंबर, शुक्रवार

विचारलं. अळीमिळी गुपचिळी.

मग चिमणी म्हणाली, "मॅडम, तसं नाहीये. आम्ही तिथे फक्त गाण्यासाठी नाही—"

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. म्हटलं, "दोन दगडांवर पाय ठेवून गाता येत नाही. त्यांच्याकडे जायचं असेल तर इथे येऊ नका. इथे यायचं असेल तर गुरुवार बंद."

मौनीबाबांनी पियानोचं झाकण हळूच बंद केलं. "तुम्ही एकदा त्यांना भेटा."

"मी फोन केला होता. एक शब्द बोलल्या नाहीत माझ्याशी."

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "नाही," ते म्हणाले, "नसतील बोलल्या."

१० जानेवारी, शुक्रवार

सुट्टीनंतर पहिला आठवडा. गुरुवार बंद झालाय. मुलं माझं मुकाट ऐकतात. सूर बरोबर, शब्द बरोबर, आणि गाण्यात जीव नाही. चौघांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. चिमणीला खोकला झालाय. परीक्षक चार आठवड्यांवर.

तास संपल्यावर घागर थांबला. "मॅडम, गुरुवारी तासाभरासाठी गेलो तर चालेल? गाणार नाही. नुसतं सामान वर नेऊन द्यायचंय. जिना फार आहे."

"दुकानवाले पोचवतात की," मी म्हटलं.

"फोनवर मागवावं लागतं ना," तो म्हणाला.

मी म्हटलं, तुझं तू बघ. मला काही ते बोलणं कळलं नाही, पण त्या मुलाचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

आज मी गेले. ठरवून गेले. रस्त्याने वाक्यं पाठ केली होती: तुम्ही निवृत्त झालात, मुलांना आता मोकळं करा, मलाही पोट आहे, घर आहे.

दार उघडलं ते एका बारक्याशा बाईने. गळ्याभोवती घट्ट रुमाल. मी नाव सांगितलं आणि वाक्यं सुरू करणार, एवढ्यात त्या काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले. आवाज आला नाही. मी पुढे वाकले. नुसता श्वास होता, आणि त्या श्वासाला शब्दांचे आकार.

"तुम्ही फोन केलात तेव्हा मी तीनदा 'बोला' म्हटलं होतं."

मी उंबऱ्यातच उभी. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. 'निवृत्त' हा शब्द त्यांनीच निवडला होता, कुणी कीव करू नये म्हणून.

आत बसवलं. पियानोवर कपडे वाळत होते. मी म्हटलं, "मुलांनी मला काहीच सांगितलं नाही."

"मीच बजावलं होतं. वर्गात माझं नाव काढायचं नाही. नव्या माणसाचे पाय आधी रोवू द्यावेत." प्रत्येक वाक्यानंतर त्या दम घ्यायच्या. "माझं नाव पहिल्या दिवशी फार घेतलं म्हणे. रागावले त्यांना."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग त्या म्हणाल्या, "आता माझं ऐका. मुलं म्हणतात, तुम्ही गात नाही. का?"

"इथली हवा कोरडी—"

त्यांनी उठून पाण्याचा पेला आणून समोर ठेवला. पियानोवरचे कपडे उचलून खुर्चीवर टाकले आणि बसल्या. हात अजून खणखणीत आहेत.

मी गायले. पहिलं कडवं खालच्या मानेनं. दुसऱ्यात वरचा तो सूर येतो, तिथे आवाज फाटला, टराटरा, जुनं फडकं फाटावं तसा. मी थांबले. त्या थांबल्या नाहीत. पियानो पुढे गेला, तेव्हा मलाही धावत जाऊन ओळ पकडावी लागली. संपल्यावर मला वाटलं, आता म्हणतील, गोड आहे पण लहान.

"अगं," त्या म्हणाल्या. तुम्हीवरून एकदम अगं. "मी त्यांना शब्द देते. सूर कुठून आणू? ती यंत्रावर ऐकून गातात, म्हणून यंत्रासारखी गातात. वर्षभरात एकाही माणसाला हातभर अंतरावर गाताना पाहिलं नाहीये त्यांनी. फाटला तर फाटू दे. फाटल्यावर पुढे कसं जायचं, तेही बघू दे की."

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "एक मागते. गुरुवार परत दे मला. दुकानात माझं कुणाला ऐकू जात नाही. फोनवर तर नाहीच. तुझे चौघे कान टवकारून ऐकतात. गेले काही आठवडे मी कुणाशीच बोलले नाहीये."

चिमणी 'तसं नाहीये' म्हणत होती. मी तिला बोलूच दिलं नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

वर्गात गेल्या गेल्या म्हटलं, "मी काल बाईंकडे गेले होते. माझं चुकलं. गुरुवार तुमचा आहे." जोडगोळीतल्या एकीने दुसरीचा हात दाबला.

मग मौनीबाबांना म्हटलं, सुरू करा. आणि मी मुलांसमोर, त्या आरशासमोर उभी राहिले. एक हात पियानोवर टेकवला. वरचा सूर आज फाटला नाही, पण किंचित खाली लागला. तो माझा मला ऐकू आला, चौघांनाही आला. मी पुढे गेले.

संपलं. आणि घागर त्याच्या त्या खर्जात म्हणाला, "मॅडम, तुम्हाला गाता येतं!"

असं हसलो सगळे की शेजारच्या वर्गातून दार वाजवलं. नंतर चिमणी गायली, आणि गाताना ती माझ्या तोंडाकडे नव्हे, माझ्या बरगड्यांकडे बघत होती. श्वास कुठून घेतला ते बघत होती. मी इतके महिने हेच फळ्यावर काढून दाखवत होते.

२३ जानेवारी, गुरुवार

मीही गेले. कोपऱ्यात बसले. बाई कुजबुजत होत्या आणि मुलं पुढे वाकून ऐकत होती. खरं लिहायचं तर मला अजून जळायला होतं. बाईंनी चिमणीच्या गालाला हात लावला तेव्हा आत कुठेतरी टोचलं. नाकापेक्षा मोती जड झाल्यावर नाकाने काय करावं? मग बाईंनी मला खूण केली, आता तू म्हण, आणि टोचणं विसरले.

३ फेब्रुवारी, सोमवार

विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. मौनीबाबा म्हणत होते, "आता कशाला? परीक्षक चार दिवसांवर." पण त्या बैठकीतलं भाषण माझ्या घशात अडकलं होतं.

विभागप्रमुखांनी सफरचंद खाली ठेवलं. "म्हणजे ती पद्धत तुमची नाही."

"नाही."

"मग मी नेमणूक कोणासाठी कायम करायची?"

त्या म्हणाल्या, परीक्षक काय म्हणतात ते बघू. मी जिन्यावर दहा मिनिटं बसून राहिले. पुढच्या महिन्यात नवऱ्याला राजीनाम्याचं ठरवायचंय. मी असं कसं सगळं उधळून आले?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षक म्हणजे एक उंच, शिष्ट बाई, मातृभाषाच फ्रेंच. पहिल्या रांगेत एकट्या. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी जुन्या बाई. ऑपरेशननंतर त्या पहिल्यांदाच शाळेत आल्या होत्या, मौनीबाबांनी हात धरून आणलं.

घागर छान गायला. जोडगोळी व्यवस्थित. शेवटी चिमणी. दोन कडवी अशी गेली की मी श्वास घ्यायला विसरले. तिसऱ्याच्या आधी पियानोचा तुकडा आहे. तो आला, संपला, आणि चिमणी तशीच उभी. डोळे मोठे. मौनीबाबांनी तो तुकडा पुन्हा वाजवला. तोंड उघडलं तिने, शब्द नाही. शेजारून मला कुजबूज ऐकू आली. बाई पहिला शब्द सांगत होत्या, पुन्हा पुन्हा, जीव तोडून. मला हातभरावर जेमतेम ऐकू येत होतं. चिमणीपर्यंत काय पोचणार? बाईंच्या गळ्याच्या शिरा रुमालाच्या वर ताणल्या होत्या.

नियम माहीत होता. गाताना बाहेरची मदत चालत नाही. मी उठून उभी राहिले की काय झालं, आठवत नाही, पण 'ए लाँब्र', 'आणि सावली', हे दोन शब्द माझ्या आवाजात सभागृहात गेले. सुरात, त्यांच्या जागेवर. परीक्षकांनी मान वळवून पाहिलं. चिमणीने माझ्याकडे बघतच ओळ उचलली आणि शेवटपर्यंत नेली. आधीची दोन कडवी चांगली होती. हे वेगळंच होतं, ते गाणं तिला नुकतंच कुणीतरी हातात दिल्यासारखं.

व्हरांड्यात परीक्षक म्हणाल्या, "तुम्ही जे केलंत त्याची नोंद मला करावी लागेल."

"करा," मी म्हटलं.

बाई माझ्या कानाशी आल्या. मला वाटलं, आता शाबासकी. म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्यात 'सावली'चा शेवटचा 'ए' लांबला. तुझाही आणि तिचाही."

१२ फेब्रुवारी, बुधवार

निकाल लागला. चिमणी उत्तीर्ण, पण श्रेणी एक पायरी खाली. मी तिची माफी मागायला गेले तर म्हणाली, "मॅडम, तुम्ही उठला नसतात तर मी अजून तिथेच उभी असते." आणि मला मिठी मारली. मान माझ्या खांद्यापर्यंतच येते तिची.

माझ्याबद्दल परीक्षकांनी दोन ओळी लिहिल्या आहेत. पहिलीत नियमभंग. दुसरीत, मुलांच्या गाण्यात शब्द जिवंत आहेत, ते क्वचित दिसतं. विभागप्रमुखांनी दोन्ही वाचून दाखवल्या, मग कर्रम. नेमणूक कायम नाही. आणखी एक वर्ष मुदत. जुन्या बाईंचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, "गुरुवारी माझे विद्यार्थी शाळेबाहेर काय करतात ते मला माहीत नसतं." आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

एक वर्ष. ना धड हो, ना धड नाही. खुंटा आहे, पण हलतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. नियम मोडल्याचं, शेऱ्याचं, कायम न झाल्याचं. म्हटलं, "तू म्हणशील, परत ये. पण मला अजून एक वर्ष राहायचंय इथे. मी गातेय रे पुन्हा. वरचा सूर लागतोय. रोज नाही, पण लागतोय. तुम्ही दोघं तिथे, मी इथे, हे मला सोसत नाही, तरीही राहायचंय. रागावलास तरी चालेल."

मग विचारतो काय, तर, "तिकडे मार्चमध्ये थंडी कितपत असते?"

म्हटलं, असते बऱ्यापैकी.

"पिल्लूच्या मापाचे लोकरीचे मोजे तिकडे मिळतात का, की इथूनच घ्यावेत? आणि तुझ्या घराजवळ शाळा आहे ना एखादी, लहान मुलांची?"

आहे म्हटलं, कोपऱ्यावरच, पिवळ्या फाटकाची. एवढं जिवावरचं सांगितलं मी, आणि ह्याचं लक्ष मोज्यांत आणि फाटकात! हा माणूस कधी नीट ऐकून घेणार आहे, देव जाणे. आता आवरते. बाईंकडे जायचंय आणि घागरला वाटेत पाव घ्यायला सांगायचंय.